पदवीचं बारसं

सोलापुरात अशी काही घरं आहेत, जिथे बैठकीच्या खोलीत पदव्यांच्या तसबिरी ओळीनं लावलेल्या असतात. त्या वाचत गेलं तर हे घराणं मोठं फिरस्तं असावं असा पाहुण्याचा समज होतो. आजोबांच्या पदवीवर मुंबई विद्यापीठाचा शिक्का, त्यांच्या धाकट्या भावाच्या पदवीवर पुण्याचा. मुलाची पदवी शिवाजी विद्यापीठाची, म्हणजे कोल्हापूरची. नातीची सोलापूर विद्यापीठाची, आणि तिच्या पाठच्या भावाची पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाची. प्रत्यक्षात यांच्यापैकी कुणीही गाव सोडलेलं नसतं. सगळे त्याच रस्त्यानं सायकल मारत, पुष्कळदा त्याच दयानंद कॉलेजच्या फाटकातून आत गेलेले. कॉलेज १९४० साली निघालं तेव्हा ते मुंबई विद्यापीठात होतं. १९४९ मध्ये पुण्याला विद्यापीठ झालं, १९६२ मध्ये कोल्हापूरला झालं, आणि १ ऑगस्ट २००४ रोजी एकट्या सोलापूर जिल्ह्यासाठी पुणे रस्त्यावर केगावला विद्यापीठ उभं राहिलं. मार्च २०१९ मध्ये त्याला अहिल्यादेवींचं नाव मिळालं. विद्यार्थी आपल्या बाकावरून हलला नाही, विद्यापीठंच त्याच्या डोक्यावरून ढगांसारखी सरकत गेली. मधल्या काळात पुणे विद्यापीठानंही सावित्रीबाई फुल्यांचं नाव घेतलं, त्यामुळे आजोबांच्या भावाची ती तसबीर आता चालू असलेल्या कुठल्याच विद्यापीठाच्या नावाशी तंतोतंत जुळत नाही. बँकेत किंवा पासपोर्टच्या कचेरीत कुणी खोदून विचारलं, तर त्या बिचाऱ्याला आधी शंभर वर्षांचा इतिहास सांगावा लागेल आणि मग जन्मतारीख.

विद्यापीठांच्या नावांबद्दल माझी तक्रार नाही. अहिल्यादेवी किंवा सावित्रीबाई यांचं नाव प्रमाणपत्रावर असणं कुणाला आवडणार नाही? मला कुतूहल आहे ते त्याखाली, जरा बारीक अक्षरांत छापलेल्या दुसऱ्या नावाचं, पदवीच्या नावाचं. तेही बदलतं, आणि फारसा गाजावाजा न होता बदलतं. विद्यापीठाच्या नावासाठी मोर्चे निघतात, निवेदनं दिली जातात, पेढे वाटले जातात. पदवीचं बारसं मात्र कुणाला न बोलावता, अभ्यास मंडळाच्या बैठकीत चहा-बिस्किटांवर उरकतं. पाळणा नाही, कानात कुर्र करायला आत्याही नाही. दुसऱ्या दिवशी सूचनाफलकावर कागद लागतो, एवढंच.

असाच एक कागद आमच्या घरी फोनमधून आला. माझी पुतणी डिझाइनच्या एका अभ्यासक्रमाला आहे. कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण त्यात कॉलेजचा काही दोष नाही. राज्यभर हेच वारं वाहतं आहे. तिनं प्रवेश घेतला तेव्हा अभ्यासक्रमाच्या नावात कपडे होते. शिवण, वस्त्र, पेहराव या कुळातलं काहीतरी इंग्रजीत होतं, आणि माझ्या आईनं ते वर्षभर घोकून पाठ केलं होतं. नातेवाइकांच्या लग्नात कुणी विचारलं की ती एका दमात ते नाव म्हणून टाकायची आणि समोरच्याचा चेहरा बघायची. दुसरं वर्ष सुरू होताना कळलं की अभ्यासक्रमाचं नाव बदलण्यात आलं असून आराखडाही नव्यानं मांडण्यात आला आहे, तरी विद्यार्थ्यांनी नोंद घ्यावी. विद्यार्थ्यांनी घेतली. आईनं घेतली नाही. नव्या नावात डिझाइन होतं, इनोव्हेशन होतं, मॅनेजमेंटही होतं; कापडाचा धागासुद्धा उरला नव्हता. आई म्हणाली, "पण मग ही शिकते काय?" या प्रश्नाला घरातल्या कुणालाही, त्या मुलीसकट, चटकन उत्तर सुचलं नाही.

मी मग अशा बदललेल्या नावांचा पाठलाग करायला लागलो. निवृत्त माणसाचे छंद असेच असतात, कुणाचं काही बिघडत नाही. हळूहळू त्यात एक चाल दिसायला लागली. नाव बदललं की त्यातून आधी हत्यार जातं, मग माल जातो, आणि शेवटी गिऱ्हाईक जातं. आयटीआयमध्ये 'कटिंग अँड स्यूइंग' नावाचा ट्रेड होता. त्याचं आता 'स्यूइंग टेक्नॉलॉजी' झालं आहे. कात्री नावातून गेली; वर्गात ती अजून आहे, आणि तिला धारही पूर्वीसारखीच लावावी लागते. मुंबईच्या जे. जे.चं तर घराणंच मोठं. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून १८५७ साली, म्हणजे ज्या वर्षी मुंबई विद्यापीठ जन्मलं त्याच वर्षी, ही कलाशाळा सुरू झाली. तिथे १९३५ मध्ये जो विभाग निघाला त्याचं नाव 'कमर्शियल आर्ट'. केवढा प्रामाणिक शब्द! आम्ही चित्रं काढतो आणि त्याचे पैसे घेतो, असं दारावरच लिहिलेलं. १९६१ साली त्याची स्वतंत्र संस्था झाली तेव्हा 'कमर्शियल' गेलं आणि 'अप्लाइड आर्ट' आलं. पैशांचा उल्लेख चारचौघांत बरा दिसत नव्हता, तो कला 'उपयोजित' केल्यावर झाकला गेला. २०२३ मध्ये जे. जे.ला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, तेव्हा कला आणि वास्तुकला यांच्या शेजारी तिसरा शब्द येऊन बसला तो 'डिझाइन'. कमर्शियल, अप्लाइड, डिझाइन. एखादा माणूस गरिबीतून वर येताना आपल्या आडनावाचा उच्चार जरा जरा बदलत जातो, तसा हा प्रवास.

मधल्या काळात पदविकेची पदवी झाली. जुन्या लोकांना 'जी. डी. आर्ट' आठवत असेल. सोलापूरच्या नव्या पेठेत, टिळक चौकात दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्यांपैकी एखाद्यानं कोपऱ्यात आपली सही करून तिच्याखाली 'जी. डी. आर्ट' असं लिहिलेलं असायचं, आणि बहुधा ते मालकाच्या नावाहून देखणं असायचं. पुढे मुंबई विद्यापीठाची 'बी. एफ. ए.' आली. ज्यांच्याकडे पदविका होती ते अचानक अर्ध्या पायरीवर उभे राहिले. त्यांची रेष तशीच होती, कुंचला तोच होता, फक्त शेजारी एक नवी पायरी बांधली गेली होती.

शब्दांची ही हौस आजचीच नाही. महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठात पूर्वी मुलींना बी. ए. न म्हणता 'गृहीतागमा' म्हणत, आणि ती पदवी 'जी. ए.' अशी लिहीत. किती भारदस्त, किती घरंदाज! पुढे कायद्यानं मान्यता मिळाल्यावर त्यांची बी. ए. झाली. सोय झाली हे खरं, पण लग्नपत्रिकेत 'चि. सौ. कां.'च्या खाली 'गृहीतागमा' छापलेलं पाहायला मला फार आवडलं असतं.

सगळ्यांत गोड प्रकार पवईच्या आयआयटीत आहे. तिथे १९६९ साली 'इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर' निघालं. लोक त्याला लाडानं आयडीसी म्हणू लागले. पुढे केंद्राची शाळा झाली, पण इतक्या वर्षांचं लाडाचं नाव टाकवेना, म्हणून झालं 'आयडीसी स्कूल ऑफ डिझाइन'. आता हे पूर्ण उलगडून वाचा: इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर स्कूल ऑफ डिझाइन. देशातल्या उत्तम रचनाकारांनी आपल्याच दारावरच्या पाटीत एक शब्द दोनदा राहू दिला, यात मला त्यांचा मोठेपणा वाटतो. प्रेमाच्या नावापुढे व्याकरण सोडून देता येतं, हे त्यांना कळलेलं आहे.

खरं तर डिझाइन आम्ही शाळेतच शिकलो होतो, फक्त पदवी नव्हती. महाराष्ट्रातल्या कुठल्याही शाळेत गेलेल्या माणसाला एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट आठवते. स्थिरचित्र, स्मरणचित्र, भूमिती-अक्षरलेखन, आणि त्यांच्यात सगळ्यांत लाडका पेपर संकल्पचित्राचा. स्मरणचित्रात माणसांचे पाय जमिनीला टेकत नसत. संकल्पचित्रात मात्र सगळ्यांनाच थोडीफार अब्रू राखता येई. अर्धी नक्षी काढायची, ट्रेसिंग पेपरवर घ्यायची, कागद उलटा करून पेन्सिलीच्या बोथट टोकानं घासायची, की दुसरी अर्धी आपोआप उमटे. मग पोस्टर कलरच्या इवल्याशा बाटल्या, ज्यांतला पिवळा नेहमी आधी संपायचा. आमच्या वर्गात निम्मी मुलं पद्मशाली विणकरांच्या घरची होती. त्यांचे आजे-पणजे तेलंगणातून मागाबरोबर सोलापुरात आले, आणि घरात तेलुगू, दारात मराठी अशी त्यांची विभागणी असे. चित्रकलेच्या सरांनी 'रुमालाच्या कोपऱ्यासाठी नक्षी' असा विषय दिला की आम्ही पेन्सिल चावत बसायचो आणि ती मुलं चौकोनांचे कागद पुढे ओढून भराभरा घरं रंगवायची. सर एकाला म्हणाले होते, "अरे, हे चित्र नाही, हा तर माल आहे." त्याला ती शाबासकीच वाटली. त्याला 'अ' श्रेणी मिळाली की नाही ते आठवत नाही. आता त्या श्रेणीला दहावीत वाढीव गुण मिळतात. तेव्हा नुसता कागद मिळायचा.

पुतणीचा नवा आराखडा मी चष्मा पुसून वाचला. राज्यात नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे पदव्यांची सगळी मांडणीच बदलली आहे, त्यामुळे तिला आता विषय नसतात, अक्षरं असतात. मेजर आणि मायनर हे दोघे निदान शब्द तरी आहेत. त्यांच्यामागून ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी, एफपी आणि ओजेटी अशी वरात येते. प्रत्येकाला श्रेयांक असतात. वर्गातल्या पंधरा तासांचा एक श्रेयांक, प्रात्यक्षिकाच्या तीस तासांचा एक. म्हणजे हातानं केलेलं काम हे ऐकलेल्या व्याख्यानाच्या निम्म्या किमतीचं, असा हिशेब मला दिसला. पण मी बोललो नाही, कारण हिशेब जुनाच आहे, आता फक्त छापला गेला. शिवाय मधेच उतरायची सोय झाली आहे. एका वर्षानंतर सोडलं तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी, चौथं केलं तर ऑनर्स. हे मला सिद्धेश्वर एक्स्प्रेससारखं वाटलं. कुर्डुवाडीला उतरलात तर प्रमाणपत्र, दौंडला पदविका, पुण्याला पदवी, आणि ज्याला मुंबईपर्यंत झोप लागली तो ऑनर्स. कुणाचं तिकीट वाया जात नाही, ही त्यातली खरी चांगली गोष्ट. पूर्वी दौंडला उतरलेल्या पोराला सगळं गाव 'नापास' म्हणायचं.

त्या अक्षरांतलं एफपी म्हणजे फील्ड प्रोजेक्ट. त्यासाठी पुतणीला एखाद्या कारखान्यात जाऊन काम बघायचं होतं. सोलापूर शाळेचे गणवेश शिवण्यासाठीही प्रसिद्ध आहे, तेव्हा मी आधी ते सुचवलं. ती हसली. वेगळं काय करायचं हे शिकायला निघालेल्या मुलीनं हजारो पोरांना सारखंच कसं दिसवायचं ते बघत बसावं, हे तिला पटेना. मला मात्र त्यात खरी कसोटी वाटते: एकाच निळ्या पँटमध्ये पहिलीचा बारक्या आणि दहावीचा ढोल्या दोघांना बसवणं. असो. शेवटी चादरीच्या कारखान्यात जायचं ठरलं. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. ते घ्यावं लागलं, कारण परगावी विणलेल्या चादरीही आपलं नाव 'सोलापुरी' सांगत बाजारात हिंडत होत्या. नाव बदलून वर चढण्याचा हा आणखी एक प्रकार, इथे निदान आमच्या गावाचं नाव वरच्या पायरीवर आहे.

त्या कारखान्यात माझ्या ओळखीतले एक डिझाइन मास्तर आहेत. सत्तरीचे, पांढरा लेंगा, खिशात तांबडी पेन्सिल. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. आत यंत्रमागांचा असा खडखडाट चाललेला, की माणसं ओठांवरून बोलणं ओळखतात. अण्णांची खोली त्याच्या मागे, जरा शांत. भिंतीला कार्डांच्या माळा टांगलेल्या. पुठ्ठ्याची लांबट कार्डं, भोकं पाडलेली, दोरीनं एकमेकांना ओवलेली. जकार्ड मागाचं सगळं गुपित या भोकांत असतं. फ्रान्समधल्या लियॉनच्या जकार नावाच्या माणसानं १८०४ च्या सुमारास ही युक्ती पक्की केली. जिथे भोक तिथे ताण्याचा धागा वर उचलला जाणार, जिथे भोक नाही तिथे तो खाली राहणार. आडव्या धाग्याच्या एका फेरीला एक कार्ड. चादरीवरचा मोर म्हणजे अशा शेकडो कार्डांची एक लांबलचक 'हो-नाही-हो-हो-नाही' आहे. पुढे गणकयंत्रांनीही हीच भाषा उचलली, त्यामुळे पुतणीचा लॅपटॉप आणि अण्णांची माळ यांचं लांबचं नातं निघतं. हे मी अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "असंल. पण माझं कार्ड उंदीर खातो, त्याचं काय?"

कार्डाच्या आधी ग्राफ पेपर. चौकोनांचा मोठा कागद, एकेक घर म्हणजे एकेक धागा. अण्णा तांबड्या पेन्सिलीनं घर भरतात, ते इतक्या सावकाश की बघणाऱ्याला पेंग यावी. मोराची मान वळवायची तर वळण असं नसतंच. दोन घरं वर, एक बाजूला, दोन वर, एक बाजूला, अशी पायऱ्यांनी ती चढते, आणि चादर दहा हात लांबून पाहिली की गोल दिसते. अण्णा बोलतात मराठीत, पण घरं मोजतात तेलुगूत: ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. मोजताना त्यांना हाक मारायची नाही, हा तिथला पहिला नियम. चार्ल्स आणि रे इम्स हे अमेरिकन जोडपं १९५८ मध्ये भारत सरकारला डिझाइनच्या शिक्षणाबद्दल अहवाल द्यायला आलं, आणि त्यांना सगळ्यांत जास्त मोहवलं ते आपल्या तांब्यानं, म्हणजे ज्याचा कुणी एक कर्ता नाही अशा वस्तूनं. त्या अहवालातून पुढे अहमदाबादची राष्ट्रीय संस्था उभी राहिली. ते जोडपं सोलापूरला आलं असतं तर अण्णांच्या गुरूंना भेटलं असतं, असा मला उगाच मोह होतो. त्या गुरूंचं नावही कुठल्या चादरीवर नाही.

पुतणीनं आपला मोर लॅपटॉपवर काढून, छापून आणला होता. तो देखणा होता, सडपातळ, बराचसा मोकळ्या जागेनंच बनलेला. अण्णांनी तो पालथा घातला, उताणा केला, आणि बाजूला ठेवून म्हणाले, "आधी तुझं सरकारी काम उरकू." सरकारी काम म्हणजे फील्ड प्रोजेक्टचा अर्ज. त्यात 'उद्योगातील मार्गदर्शक' असा रकाना होता. नाव झालं. मग 'पद'.

"डिझाइन मास्तर," अण्णा म्हणाले.

"ते नाही चालणार अण्णा. मॅडम परत पाठवतील." तिनं थोडा विचार केला आणि सुंदर अक्षरात लिहिलं: सीनियर टेक्स्टाइल डिझाइन कन्सल्टंट.

अण्णांनी ते वाचून दाखवायला लावलं. मग आणखी एकदा. त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं की शंका, ते मला ठरवता आलं नाही. "हे मी आहे?"

"हो. तुम्हीच."

"आणि ह्ये खाली काय म्हणलंय?"

"शिक्षण."

"चौथी," ते म्हणाले, आणि तिनं तेही लिहिलं, कारण तिथे सुचवण्यासारखं काही तिच्याजवळ नव्हतं. कन्सल्टंटच्या खाली चौथी. मला ते दोन शब्द एकमेकांच्या शेजारी मुळीच विजोड वाटले नाहीत, पण मॅडमना काय वाटेल याची काळजी मात्र लागली. अण्णांनी खिशातून एक जुनी पावती काढली, तिच्या कोऱ्या पाठीवर तिला ते पद पुन्हा लिहायला सांगितलं, मराठीत, मोठ्या अक्षरांत. "घरी वाचून दाखवतो. सून म्हणती, सासरे दिवसभर रेघोट्या मारत बसतात." पावतीची नीट घडी घालून त्यांनी ती चष्म्याच्या डबीत ठेवली. तेव्हा मला माझी आई आठवली, वर्षभर घोकून पाठ केलेलं ते पहिलं नाव घेऊन लग्नाच्या मांडवात उभी असलेली. नव्या नावाची चेष्टा करणं तिथून पुढे मला जरा जड जाऊ लागलं.

मग अण्णांनी मोर जवळ ओढला. चष्मा कपाळावर, बोट मानेवर. ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु, ऐदु, आरु, एडु. बोट थांबलं.

"अम्मा, इथं सात घरं सलग मोकळी सोडलीस."

"ती मुद्दाम सोडलीत अण्णा. निगेटिव्ह स्पेस आहे ती."

"असू दे की. पण धागा एवढा लांब सुटला की त्याच्यात बांगडी अडकणार. मधी कुठं तरी एक घर भरून त्याला धरायला लागतंय."

"पण मग मान जाड दिसेल."

"चुकीचं घर भरलं तर दिसंल."

"मग कुठलं भरू?"

अण्णांनी तांबडी पेन्सिल तिच्या हातात दिली आणि चहावाल्या पोराला हाक मारायला वळले. "ते तू शोध. डिग्री तुझी हाय की."